भगर ताजीच होती, मग बाधली कशी?

प्रश्न : आमच्याकडे नवरात्राचे नऊ दिवस उपास असतात. यंदा तिसऱ्या माळेला दुकानातून सुटं भगरीचं पीठ आणलं, भाकरी केल्या, गरमगरम खाल्ल्या. दोन-तीन तासांत सासूबाई, जाऊ आणि मी तिघींना उलट्या, गरगरणं सुरू झालं, सासूबाईंचे तर हातपाय थरथरत होते. मिस्टरांचा उपास नव्हता, ते ठणठणीत. शिळं काहीच नव्हतं, मग विषबाधा कशी? – एक वाचक, लातूर

उत्तर : ताई, आधी सासूबाई आता कशा आहेत? वयस्कर माणसाला उलट्यांनी पटकन थकवा येतो, त्यांना अजून जपा.

आता तुमचा प्रश्न. विषबाधा म्हटलं की आपण शिळं आणि उघड्यावरचं एवढंच बघतो, पण भगरीत घोळ बहुतेक वेळा चुलीवर चढायच्या आधीच झालेला असतो. पावसाळ्याचा ओलावा, त्यावर ऑक्टोबरची उष्णता, अशात साठवलेल्या भगरीवर अॅस्परजिलस जातीची बुरशी धरते आणि ती फ्युमिगाक्लेव्हिनसारखी विषं तयार करते. शिजवल्यावर बुरशी मरते हो, पण तिने आधीच सोडलेलं विष भाकरीत राहू शकतं, म्हणून गरम, ताजी भाकरीसुद्धा बाधते. उलट्या, चक्कर, थरथर ही लक्षणं याच्याशी जुळतात, नक्की काय ते मात्र पीठ तपासल्यावरच कळेल.

पिठाचा धोका दाण्यापेक्षा जास्त, कारण पीठ ओल लवकर धरतं आणि दाणा निवडता-धुता येतो तसं पीठ धुता येत नाही. मुठीत दाबल्यावर गोळा होत असेल, कुबट वास असेल तर टाकूनच द्या, पण वास नाही म्हणजे चांगलं असंही समजू नका. अन्न व औषध प्रशासन दरवर्षी हेच सांगतं की सुटं पीठ घेऊ नका, पॅकबंद भगर तारीख बघून घ्या, निवडून धुऊन वाळवा आणि लागेल तेवढीच दळा.

दुसरी गोष्ट भंडाऱ्यांची. 2024 च्या फेब्रुवारीत नांदेड जिल्ह्यात कोष्टवाडीला एकादशीच्या प्रसादाची भगर-आमटी खाऊन सुमारे दोन हजार लोक आजारी पडले होते. मोठ्या पातेल्यातली भगर मधोमध तासन्‌तास कोमट राहते आणि भातासारखेच त्यातही बॅसिलस सिरियस नावाचे जंतू वाढू शकतात, त्यांचं उलटी आणणारं विष परत गरम करूनही जात नाही. घरीसुद्धा सकाळची भगर रात्रीपर्यंत ओट्यावर ठेवू नका, उरली तर लगेच पसरट भांड्यात काढून फ्रिजमध्ये टाका.

परत असं झालं तर ओआरएस घोटघोट द्या, जुलाब थांबवायची गोळी मनाने घेऊ नका. लघवी कमी झाली, पाणीही पोटात ठरेना, ताप आला, शौचात रक्त दिसलं किंवा थरथर सुरू झाली तर उपास बाजूला ठेवा आणि लगेच दवाखाना गाठा. आणि ते उरलेलं पीठ गाईला घालू नका हं, पिशवीसकट बांधून ठेवा आणि अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा ऑफिसला कळवा, त्याच पोत्यातलं पीठ अजून कुणाकुणाच्या घरी गेलं असेल.