येळवसची भज्जी आणि बंद दार

मावशी,
मी ३२ वर्षांचा, औसा तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीचं काम २०२० पासून घरूनच करतो. सकाळी दहाला उघडलेला लॅपटॉप रात्री नऊ-दहाला मिटतो. या काळात वजन ११ किलोंनी वाढलं. मान-कंबर धरते, डोळे चुरचुरतात, रात्री दोन वाजले तरी झोप नाही. चौदा हजारांची खुर्ची घेतली, पावलं मोजणारं घड्याळ घेतलं, पैसे भरून ध्यानाचं अ‍ॅप घेतलं. फरक नाही. घरून काम म्हणजे आराम, असं साहेबांना वाटतं, त्यामुळं सुटी मागायची भीती वाटते. येळवसला, आपल्या शेतातल्या सणालासुद्धा तीन मीटिंगा होत्या, म्हणून आई शेतातनं येऊन भज्जीचा डबा खोलीत ठेवून गेली. शेत दीड किलोमीटरवर आहे, वडील, म्हणजे अण्णा, दिवसभर तिकडंच असतात. हल्ली उगाच चिडचिड होते, कुणाशी बोलावंसं वाटत नाही. कोणता व्यायाम करू? खुर्ची बदलू का? की पुण्याला परत जाऊ?

लेकरा,
खुर्चीचं नंतर बघू. आधी मला सांग, भज्जी गरम होती का?

कंपनी, साहेब, घड्याळ सगळं तू सविस्तर लिहिलंस आणि येळवस एका ओळीत उरकलीस. तीही ‘म्हणून’ लावून, जसं काही आईनं डबा आणून देणं हे मीटिंगांचं ओघानं येणारं फळ आहे. मी ती ओळ चार वेळा वाचली.

येळवसला, मार्गशीर्षातल्या अमावस्येला, आपल्याकडं काय असतं ते तुला सांगायला नको, पण सांगते. आदल्या रात्री बाया तुरीचे, वालाचे, पावट्याचे, हरभऱ्याचे दाणे सोलत बसतात. पहाटे चुलीवर त्याच दाण्यांच्या भाजीचं, भज्जीचं पातेलं, बाजरीचे वाफवलेले उंडे, आंबिलीचं मडकं. मग ते सगळं डोक्यावर घेऊन शेत गाठायचं, कडब्याच्या कोपीत पाच दगडांचे पांडव मांडून पूजा करायची, शिवारभर आंबील शिंपडायची आणि मग पंगत. लातूरची बाजारपेठ त्या दिवशी ओस असते. रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाताला धरून जेवायला बसवतात. एवढ्या सगळ्या गर्दीत तुझी आई मधूनच उठली, दीड किलोमीटर चालत घरी आली आणि डबा ठेवून गेली. ती पुन्हा शेतात गेली का, की तुझं संपेपर्यंत ओट्यावर बसून राहिली? हे तू लिहिलेलं नाहीस. तुला ठाऊकच नसावं. दार बंद होतं ना.

त्या दिवशी चालली आई आणि कंबर धरली तुझी. मला राग आलाय, आणि तो मी लपवत नाही.

आता खुर्ची. चौदा हजारांची असो की चाळीस हजारांची, एकाच जागी बारा तास बसलास तर कंबर आखडणारच. मान धरते कारण लॅपटॉप खाली आणि तुझं डोकं त्याच्यावर ओणवं. तो पाटावर, जाड पुस्तकांवर चढव, डोळ्यांच्या रेषेत आण, कळफलक वेगळा घे. पाचशे-सातशे रुपयांचं काम आहे. पडद्याकडं बघताना पापण्या कमी लवतात, म्हणून डोळे चुरचुरतात. डोळ्यांचे डॉक्टर सांगतात, दर २० मिनिटांनी २० फुटांवरचं काहीतरी २० सेकंद बघा. तुझ्या खोलीत समोरची भिंतच दहा फुटांवर असेल, तर बघणार काय?

तर माझं एकच म्हणणं आहे. अण्णांची भाकरी रोज शेतात कोण पोचवतं? तेही तू लिहिलं नाहीस, म्हणजे आईच पोचवत असणार. उद्यापासून ती तू पोचवायचीस. सकाळी आठला, पायी. मोटारसायकल नाही. फोन घरी. जाऊन-येऊन तीन किलोमीटर, तुझ्या चालीनं चाळीस मिनिटं. आठवड्याची झाली २८०. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम जोराची हालचाल करायला सांगते, तू त्याच्या पुढं जाशील आणि घड्याळाला विचारावंही लागणार नाही. सकाळचं ऊन डोळ्यांवर पडलं की शरीराला दिवस उगवल्याचं कळतं, मग रात्री झोपही वेळेवर यायला लागते. तुझ्या शरीराला सध्या दिवस कळतो तो लॅपटॉपचा.

उन्हाळ्यात सातलाच नीघ, डोक्याला रुमाल बांध. पावसाळ्यात आपलं काळं रान चपलेला किलो-किलोनं चिकटतं. चिकटू दे, वेगळं जिम लागणार नाही.

भाकरी देऊन लगेच माघारी फिरायचं नाही. अण्णा जेवेपर्यंत बांधावर बसायचं. बोलणं सुचलं नाही तर सोयाबीनचा भाव विचार, त्यावर ते तासभर बोलतील. साहेबांची परवानगी मागायचं कारण नाही. दहाच्या आधीची वेळ कंपनीला विकलेली नाही. पुढच्या येळवसची सुटी मात्र पंचांग बघून आजच टाक. कारण लिहायला लाजू नकोस. दिवाळीची मागतोस तशीच ही.

पुण्याला जाऊन काय करशील? बंद खोली तिथंही मिळेल. डबा मेसवाला आणेल.

आणि ही चिठ्ठी आईला वाचून दाखव, कारण यात त्यांचीही चूक आहे. बाई, त्याचं ताट खोलीत नेणं बंद करा. भूक लागली की येतो बाहेर. माया म्हणून तुम्ही त्याला कोंडून ठेवलंय.

एक मात्र चेष्टेवारी नेऊ नकोस. कुणाशी बोलावंसं न वाटणं, झोप नसणं हे दोन आठवड्यांच्या वर चाललं असेल तर लातूरला जाऊन मनोविकारतज्ज्ञाला दाखव. जायला जीव धजावत नसेल तर १४४१६ लाव. सरकारची टेली-मानस सेवा आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. भाकरी पोचवणं त्याच्या जोडीला, त्याच्याऐवजी नाही. हातापायाला मुंग्या येत असतील तर हाडांच्या डॉक्टरकडंही जा.

महिन्यानं पत्र टाक. वजनाचं नको लिहू. पहिल्या दिवशी तुला डबा घेऊन येताना बघून अण्णा काय म्हणाले, तेवढं लिही.

आणि परत येताना रिकामा डबा बांधावर विसरू नकोस. आईच्या शिव्या खाशील.

तुझी मावशी