वाचकांचे प्रश्न : हॅम्लेट थांबतो तो कशासाठी?

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. आमच्या वाचनमंडळात सध्या शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चे वाचन सुरू आहे. बापाचा खून कोणी केला हे भूत पहिल्याच अंकात सांगते, तरी मुलगा पाचव्या अंकापर्यंत सूड उगवत नाही. तो दुबळ्या मनाचा आहे, असे आमच्यातील बहुतेकांचे मत पडले. आपल्याला ते पटते काय? (एक वाचक, गिरगाव)

उत्तर : पटत नाही, आणि न पटण्याची कारणे नाटकातच आहेत. आईच्या महालात पडद्याआड कोणी आहे असे कळताच हॅम्लेट तलवार चालवतो आणि राजाचा मंत्री पोलोनियस मरतो. आड राजाच, म्हणजे बापाचा खून करून गादीवर बसलेला काका क्लॉडियसच असावा, असे त्या क्षणी त्याला वाटलेले असते. पुढे समुद्रात चाच्यांशी गाठ पडते तेव्हा त्यांच्या गलबतावर तो एकटाच उडी घेतो; त्याआधीच आपल्या वधाचा हुकूम असलेला खलिता बदलून त्याने दोन जुन्या मित्रांना मृत्यूच्या हवाली केलेले असते. हे दुबळ्याचे वर्तन नव्हे. कोवळ्या मनाला न पेलणारे कर्तव्य अंगावर पडलेला राजपुत्र, हे चित्र जर्मन कवी गटेने रंगवले आणि इंग्रज कवी-टीकाकार कोलरिजने त्यात विचारांच्या अतिरेकाची भर घातली. दोघेही थोर असले तरी त्यांच्या चष्म्यातून पाहू लागलो की हॅम्लेटची कृती दिसेनाशी होते आणि केवळ स्वगते ऐकू येत राहतात.

माझ्या मते पात्राचा हेतू शोधताना पहिला प्रश्न असा विचारावा, की या क्षणी या माणसाला नक्की काय ठाऊक आहे? क्लॉडियस आपल्या तोंडाने भावाच्या खुनाची कबुली देतो ती तिसऱ्या अंकात, एकटा असताना. ती आपण ऐकतो, हॅम्लेट ऐकत नाही. त्याच्या हाती आहे ती फक्त भुताची साक्ष. तो शिकला विटेनबर्गला, म्हणजे प्रॉटेस्टंट पंथ सुरू करणाऱ्या ल्यूथरच्या विद्यापीठात. मेलेल्यांचे आत्मे पापक्षालनासाठी यातना भोगत असतात, हे त्या नव्या पंथाला मान्य नव्हते, आणि भूत तर आपण तशाच यातना भोगत असल्याचे सांगते. सैतानानेच बापाचे रूप घेतले असेल, ही शंका त्यामुळे पळवाट ठरत नाही. शिकलेल्या माणसाला ती यायलाच हवी. तिचे निरसन करण्यासाठी तो दरबारात नाटक करवतो आणि राजा मध्येच उठून जातो. परंतु त्या नाटकातला खुनी हा राजाचा पुतण्या आहे, असे हॅम्लेट स्वतःच मोठ्याने सांगून बसलेला असतो. म्हणजे दरबाराच्या दृष्टीने पुतण्याने काकाला भर सभेत धमकी दिली आणि काका उठून गेला. पुरावा हाती आला असे हॅम्लेटला वाटते. इतर कोणापुढे मांडता येईल असा तो पुरावा नाही.

शेक्सपिअरने ही अडचण मुद्दाम निर्माण केली आहे. इ. स. १२०० च्या सुमारास सॅक्सो या डॅनिश इतिहासकाराने लॅटिनमध्ये लिहून ठेवलेल्या मूळ डॅनिश कथेत काकाने केलेला खून सर्वांना ठाऊक असतो. तिथे मुलगा वेडाचे सोंग घेतो ते जीव वाचवण्यासाठी, आणि वाट पाहतो ती संधीची. नाटककाराने खून गुप्त केला, म्हणून भूत आवश्यक झाले आणि भूत आले म्हणून संशयही आला.

येथे एक गोष्ट सांगावीशी वाटते. कोल्हापूरच्या दिवाणांच्या बदनामीच्या प्रकरणात बनावट निघालेल्या पत्रांवर विश्वास ठेवल्यामुळे आगरकर १८८२ साली टिळकांसह आपल्या मुंबईच्या डोंगरी तुरुंगात होते, आणि याच नाटकाचे ‘विकारविलसित’ हे भाषांतर त्यांनी त्या तुरुंगवासात केले. साक्षीपुराव्याने घात केलेल्या माणसाला हॅम्लेटचा संशय किती जवळचा वाटला असेल, हा अर्थात माझा तर्क आहे.

आता तुमच्या मंडळाचा सर्वांत बळकट मुद्दा. राजा प्रार्थनेला गुडघे टेकून बसलेला असताना हॅम्लेट उपसलेली तलवार परत म्यान करतो. प्रार्थनेत मारले तर हा स्वर्गात जाईल, मला त्याला नरकात पाठवायचे आहे, असे कारण देतो. हे कारण खरे की सबब, यावर दोन शतकांहून अधिक काळ वाद चालू आहे. मला ते खरे वाटते आणि म्हणूनच भयंकर वाटते. केवळ जीव घेऊन त्याचे समाधान होणार नाही, परलोकातला निवाडाही त्याला आपल्याच हाती हवा आहे. याच्या शेजारी पोलोनियसच्या मुलाला, लेआर्टीसला, ठेवून पाहा. त्याचाही बाप मारला गेला आहे. पण तो शहानिशा करत नाही, हॅम्लेटचा गळा चर्चमध्येसुद्धा कापीन म्हणतो आणि तलवारीला विष लावायला स्वतःहून तयार होतो. आपण हॅम्लेटकडून जी तत्परता मागतो ती लेआर्टीसकडे पुरेपूर आहे. तिचा परिणाम असा, की खरा खुनी क्लॉडियस त्याला शस्त्रासारखा वापरतो आणि तो आपल्याच विषाने मरतो.

पाचव्या अंकात हॅम्लेट आपला मित्र होरेशिओपुढे आपल्या तक्रारी मांडतो तो परिच्छेद मंडळात पुन्हा वाचावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. याने माझ्या राजाला मारले, आईला भ्रष्ट केले, राजाच्या निवडणुकीत माझ्या आशेआड आला आणि माझ्या जिवावर गळ टाकला, असे तो म्हणतो. बापाचा उल्लेख आहे तो ‘राजा’ म्हणून, आणि हुकलेल्या सिंहासनाचा सल प्रथमच इतका उघडपणे बाहेर येतो. याच वेळी त्याच्याजवळ राजाच्या मोहरेचा खलिता आहे. नाटकभर त्याला मिळालेला हा पहिला लेखी पुरावा, आणि तो बापाच्या खुनाचा नसून त्याच्या स्वतःच्या नियोजित खुनाचा आहे.

प्रश्न : मी पदव्युत्तर वर्गात शिकते. हॅम्लेटची आई गर्ट्रूड हिला पतीच्या खुनाची माहिती होती की नव्हती? दोन टीकाग्रंथांत दोन परस्परविरोधी उत्तरे सापडली. परीक्षेत काय लिहावे? (एक विद्यार्थिनी, विलेपार्ले)

उत्तर : आधी तुम्ही कोणती संहिता वाचता आहात ते पाहा. १६०३ सालच्या पहिल्या छापील प्रतीत ती शपथेवर सांगते, की मला या खुनाची काहीच माहिती नव्हती, आणि मुलाला सूडात साहाय्य करण्याचे वचनही देते. त्यानंतरच्या १६०४-०५ च्या प्रतीत आणि १६२३ च्या संग्रहात या दोन्ही गोष्टी नाहीत. तिथे तिचे वचन एवढेच, की तुझे वेड खोटे आहे हे मी कोणाला सांगणार नाही. आपल्या हाती सहसा येते ती या दोन नंतरच्या प्रतींवरून सिद्ध केलेली संहिता. त्यामुळे तिच्या मौनाला जागा राहते.

तरीही ती निर्दोष असावी याकडे माझा कल आहे. मुलगा ‘राजाचा खून’ हे शब्द उच्चारतो तेव्हा ती तेच शब्द थक्क होऊन परत म्हणते, आणि भूतही तिच्यावर खुनाचा आरोप करत नाही. तिला ईश्वरावर सोपव, असे मुलाला बजावते. मात्र तिला केवळ भोळी ठरवू नका. ती मुलाला दिलेला शब्द पाळते, आणि खवळलेल्या लेआर्टीसपासून नव्या नवऱ्याला वाचवायलाही पुढे होते. दोन्ही निष्ठा खऱ्या आहेत, आणि त्यांतली एक निवडणे तिला शेवटपर्यंत जमत नाही. परीक्षेत तिन्ही प्रतींचा उल्लेख करून आपले मत सकारण मांडा; कोणत्याही एका टीकाकाराचा निकाल उतरवून काढण्यापेक्षा ते अधिक मोलाचे ठरेल.

प्रश्न : आमच्या हौशी संस्थेच्या प्रयोगात मी क्लॉडियस करतो आहे. प्रार्थनेच्या प्रवेशातला त्याचा पश्चात्ताप खरा धरावा की ढोंगी? (एक रंगकर्मी, लालबाग)

उत्तर : खरा धरावा. तिथे त्याला फसवण्यासारखे कोणी नाही. हॅम्लेट मागे येऊन उभा आहे हे त्याला ठाऊकच नसते. ज्यासाठी खून केला तो मुकुट, ती महत्त्वाकांक्षा आणि ती राणी हाती ठेवून क्षमा कशी मागावी, हा प्रश्न तो स्वतःलाच विचारतो आणि त्याचे प्रामाणिक उत्तरही त्याला ठाऊक आहे. तो पापी आहे, परंतु आपल्या पापाविषयी त्याच्याइतके स्पष्ट बोलणारे पात्र या नाटकात दुसरे नाही. निव्वळ खलनायक म्हणून रंगवलात तर लेआर्टीसला भुरळ घालणारी त्याची राजकारणी हुशारीही प्रेक्षकांना पटणार नाही.

प्रवेशाच्या शेवटी, हॅम्लेट निघून गेल्यावर, तो उठतो आणि शब्द वर गेले, मन खालीच राहिले, अशा अर्थाच्या दोन ओळी म्हणतो. प्रार्थना पोहोचलीच नव्हती, म्हणजे हॅम्लेटने तेव्हा वार केला असता तर त्याला हवे तेच घडले असते, हे प्रेक्षकाला या दोन ओळींतूनच कळते. म्हणून हॅम्लेट रंगमंचावरून पूर्ण बाहेर गेल्याशिवाय उठू नका, आणि त्या ओळी सभागृहाकडे पाहून टाळीसाठी टाकू नका. आपली प्रार्थना वाया गेली हे तुम्हालाही तेव्हाच उमगले आहे, अशा सावकाशीने म्हणा.