जर्मनीतला फिशरिंग किल्ला पाण्यातच का बांधला? आज दिसतो तो मूळचाच आहे का?

पाण्यात बांधला, कारण वायव्य जर्मनीतला हा म्युन्स्टरलांडचा मुलूख सपाट आहे. चढून बसायला डोंगर नाही, पण ल्युडिंगहाउझेन गावाजवळ श्टेव्हर नदीचं पाणी हाताशी होतं. आणि मूळचा म्हणाल तर अर्धामुर्धाच. १२७१ मध्ये म्युन्स्टरचा बिशप, म्हणजे धर्मगुरू आणि राज्यकर्ताही, गेरहार्ड फोन डेर मार्क याने तो उभारला तो परचक्रासाठी नव्हे, तर शेजारच्या ल्युडिंगहाउझेनच्या शिरजोर सरदारांना वचक बसवायला. किल्ल्याचा कारभार ड्रोस्ट या अधिकाऱ्याकडे दिला. तो हुद्दाच पुढे ड्रोस्टे त्सू फिशरिंग घराण्याचं आडनाव झाला. रचना दोन बेटांची: बाहेरच्या बेटावर तबेले-कोठारं, आतल्यावर गोलाकार मुख्य वाडा. एक बेट पडलं तरी दुसरं लढवता यावं, हा त्यातला खरा डाव.

१५२१ च्या आगीत मुख्य वाडा जळाला. जुन्याच पायावर तो पुन्हा उठवला आणि १६२० च्या सुमारास प्रबोधनकालीन धाटणीचा देखणा सज्जा जोडला. त्यामुळे आराखडा मध्ययुगीन, पण मोठाल्या खिडक्या नंतरच्या. तटाला अशा खिडक्या पाडणाऱ्याला वेढ्याची फारशी धास्ती उरली नसणार, हा मात्र माझा तर्क.