मंगळवारी रात्री दोन वाजता घरी जाता येतं का?

तुम्ही विचारलंय की कोणत्या शहरांत रात्रभर मेट्रो-बस मिळते आणि बाकीच्या शहरांत मध्यरात्रीनंतर गाड्या बंद का होतात.

रोज चोवीस तास मेट्रो चालवणारी शहरं मोजकीच. न्यूयॉर्क सगळ्यांना माहीत असतं. कोपनहेगनची विनाचालक मेट्रोही रात्रभर धावते. शिकागोत फक्त रेड आणि ब्लू या दोन लाइन रात्री सुरू असतात.

रात्री प्रवासी कमी असतात हे खरं, पण मोठी अडचण देखभालीची आहे. शेवटची गाडी गेली की रुळांची वीज तोडतात, मग माणसं बोगद्यात उतरतात. रूळ तपासायचे, झिजलेला तुकडा बदलायचा, साठलेली धूळ आणि केस काढायचे, आणि सगळी माणसं, सगळी अवजारं बाहेर आल्याची खात्री झाल्यावरच पुन्हा वीज सोडायची. हे सगळं तीन-चार तासांत! बहुतेक मेट्रोंना जायला एक आणि यायला एक असे दोनच रूळ असतात, त्यामुळे गाड्या थांबवण्यावाचून गत्यंतर नसतं. न्यूयॉर्कमध्ये बऱ्याच मार्गांवर जलद आणि धीम्या गाड्यांचे मिळून चार रूळ आहेत, म्हणून दोन बंद ठेवून उरलेल्यांवर काम भागतं.

आता मला खरं तळमळीने सांगायचंय ते. लंडनने ऑगस्ट २०१६ मध्ये रात्रीची ट्यूब, म्हणजे तिथली मेट्रो, सुरू केली, पण फक्त शुक्रवारी आणि शनिवारी. व्हिएन्नात २०१० पासून, तीही शुक्रवारी, शनिवारी आणि सुट्ट्यांच्या आदल्या रात्री. सोय चांगलीच आहे, पण ती मुख्यतः मौजमजा करून परतणाऱ्यांच्या कामाची. दवाखान्यातली नर्स, ऑफिसं झाडणाऱ्या बाया, हॉटेलात भांडी घासणारा मुलगा यांना मंगळवारीही घरी जायचं असतं. म्हणून शहर पारखायचं तर रात्रीच्या बसवरून पारखा.

बर्लिनची पद्धत मला फार आवडते. रविवार ते गुरुवार रात्री यू-८ ही मेट्रो बंद झाली की तिच्याच मार्गावर एन-८ नावाची बस येते, नवं काही लक्षात ठेवावं लागत नाही. दक्षिण कोरियातल्या सोल शहराने २०१३ मध्ये रात्रीच्या बसचे मार्ग आखताना मोबाइल कॉलची माहिती वापरली, म्हणजे मध्यरात्रीनंतर लोक प्रत्यक्षात कुठे असतात ते आधी पाहिलं. पॅरिसमध्ये रात्री साधारण साडेबारा ते पहाटे साडेपाच नॉक्टिलियन नावाच्या रात्रीच्या बस असतात.

प्रवासाला निघणार असाल तर दोन गोष्टी आधी पाहून ठेवा. रात्रीचा दीड वाजला की तारीख बदललेली असते, पण वेळापत्रकात ती गाडी बहुधा आदल्या दिवसाच्या रकान्यात सापडते. आणि टोकियोसारख्या ठिकाणी शेवटची गाडी पुष्कळदा अर्ध्या वाटेवरच संपते, तेव्हा नुसती वेळ बघू नका, ती गाडी कुठपर्यंत जाते तेही बघा.