सोलर वॉटर हीटरच्या बंद सर्किटमधला दाब सारखा उतरतो, काय तपासावं?

ग्लायकॉलचं (न गोठणाऱ्या द्रवाचं) बंद सर्किट असेल तर दाब पहाटे, पॅनल थंड असतानाच वाचा. दुपारी काटा चढतो, संध्याकाळी उतरतो. ती गळती नव्हे. थंड दाबच दिवसेंदिवस घटत असेल तर पहिला संशय एक्स्पान्शन टाकीवर, म्हणजे तापून फुगलेल्या द्रवाला सामावणाऱ्या टाकीवर. तिच्या हवेच्या व्हॉल्व्हची पिन क्षणभर दाबा. द्रव आला तर आतला रबरी पडदा फाटलाय, टाकी बदलावीच लागेल. हवा आली तर टाकी सर्किटपासून वेगळी करून द्रवाकडचा दाब शून्यावर आणा, मगच टायरच्या गेजने मोजा. एरवी आकडा फसवा येतो. ही हवा सर्किटच्या थंड दाबापेक्षा साधारण ०.३ ते ०.५ बार कमी हवी. ती निघून गेली की तापलेल्या द्रवाला फुगायला जागा उरत नाही, सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो आणि थंड झाल्यावर दाब पडतो. म्हणून त्या व्हॉल्व्हच्या नळीखाली डबा ठेवा.

डबा कोरडाच राहिला तर छतावरचे जोड आणि एअर व्हेंट (अडकलेली हवा बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह) बघा. ग्लायकॉल गळतं तिथे चिकट डाग राहतो. व्हेंटखालचा कॉक हवा काढून झाल्यावर बंद हवा, नाहीतर वाफ तिथून जाते.

नुसतं पाणी भरत राहू नका, ग्लायकॉल पातळ होतं. आणि उन्हात तर मुळीच भरू नका: तापलेल्या पॅनलमध्ये लगेच वाफ होते, भाजण्याचा धोका खरा आहे.