लिनक्स मिंट टाकल्यावर वायफायची रेंज एकच काडी येते, फोनला मात्र त्याच जागी पूर्ण रेंज. राउटर बदलू की परत विंडोज टाकू?

दोन्ही करू नका. तुमच्या मूळ प्रश्नात वायफाय कार्डाचं नावही आहे, रिअलटेक आरटीएल८७२३बीई, आणि राउटरशेजारी बसलं की नेट चालतं, पलीकडच्या खोलीत गेलं की तुटतं, असंही म्हटलंय. एवढ्यावरून दुखणं बऱ्यापैकी ओळखता येतं. आमच्या शाळेच्या संगणक कक्षातली जुनी यंत्रं मी लिनक्सवर सांभाळतो, तिथेही हे कार्ड असलेले लॅपटॉप आहेत.

आधी एक खात्री करून घ्या. (आज्ञा मी देवनागरीत लिहितोय, टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा द्यायच्या खिडकीत, त्या रोमन लहान अक्षरांत टाइप करायच्या.) 'आयपी रूट' ही आज्ञा दिली की 'डीफॉल्ट व्हाया' या शब्दांपुढे राउटरचा पत्ता दिसतो. बहुतेक घरी तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. पलीकडच्या खोलीत बसून त्या पत्त्याला पिंग करा, म्हणजे 'पिंग' लिहून पुढे तो पत्ता द्या (उत्तर येतं का आणि किती वेळात, ते दिसतं), आणि मिनिटभर चालू द्या. मग ८.८.८.८ ला, म्हणजे इंटरनेटवरच्या गूगलच्या सर्व्हरला, पिंग करा, शेवटी एखाद्या वेबसाइटच्या नावाला. राउटरपर्यंतच पॅकेट (माहितीचे छोटे तुकडे) गळत असतील किंवा उत्तराला शेकडो मिलिसेकंद लागत असतील, तर बिघाड लॅपटॉप आणि राउटर यांच्या मधल्या हवेत आहे आणि कनेक्शनवाल्याला फोन करण्यात अर्थ नाही. राउटर नीट उत्तर देतोय पण ८.८.८.८ देत नाही, तर लाइन बघायची. आकड्याच्या पत्त्याला उत्तर येतं आणि नावाला येत नाही, तर डीएनएस, म्हणजे नावावरून आकड्याचा पत्ता शोधणारी सेवा, बिघडलेली. लोक हे तीन प्रकार एकत्र करून 'नेट गेलं' म्हणतात आणि मग नको ती वस्तू बदलतात.

तुमच्याकडे पहिलाच प्रकार निघेल असं मला वाटतं. या कार्डावर अँटेनाची वायर लावायला दोन जागा असतात. स्वस्तातल्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये वायर एकच असते, ती दोनपैकी एका जागी लावलेली. कोणत्या जागी लावली आहे, याची नोंद कार्डाच्या आतल्या स्मृतीत असते, आणि काही लॅपटॉपमध्ये ती नोंदच चुकीची असते. लिनक्सचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्राम, त्या नोंदीवर विश्वास ठेवतो आणि वायर नसलेल्या टोकावर ऐकत बसतो. राउटर जवळ असेल तर तिथेही थोडंफार ऐकू येतं, म्हणून वायफाय 'चालतं'. भिंत मध्ये आली की संपलं.

उपाय ड्रायव्हरमध्येच ठेवलेला आहे. त्या पर्यायाचं नाव 'एएनटी_एसईएल', म्हणजे अँटेना कोणती निवडायची ते. किंमत १ किंवा २. आधी तात्पुरतं करून बघा. 'सुडो मोडप्रोब -आर आरटीएल८७२३बीई' दिलं की ड्रायव्हर उतरतो आणि वायफाय जातं, घाबरू नका. मग 'सुडो मोडप्रोब आरटीएल८७२३बीई एएनटी_एसईएल=२' द्या, वायफाय परत जोडलं जाईल. फरक पडला नाही तर पुन्हा उतरवून १ देऊन बघा. लॅपटॉप जागचा हलवू नका आणि प्रत्येक वेळी 'एनएमसीएलआय डेव्ह वायफाय' देऊन सिग्नलचा आकडा वाचा. तो १०० पैकी असतो. अँटेना बरोबर लागली की तो आकडा लगेच वर उडी घेतो, शंका राहत नाही. काही बिनसलंच तर लॅपटॉप रीस्टार्ट करा, सगळं पूर्ववत होईल.

जी किंमत चालली ती कायम करायला 'इटीसी' फोल्डरमधल्या 'मोडप्रोब.डी' मध्ये '.कॉन्फ' ने संपणारी नवी फाइल करा. तिच्यात एकच ओळ हवी: 'ऑप्शन्स आरटीएल८७२३बीई एएनटी_एसईएल=२' (किंवा १).

रेंज सुधारली तरी मधूनमधून नेट थबकत असेल तर वीजबचत बंद करा. 'इटीसी'मधल्या 'नेटवर्कमॅनेजर' फोल्डरात 'कॉन्फ.डी' आहे, त्यात वायफाय पॉवरसेव्हची एक फाइल असते. तिथली किंमत ३ असेल तर २ करा. ३ म्हणजे बचत चालू, २ म्हणजे बंद.

फोनशी तुलना करताना एक लक्षात ठेवा. हे कार्ड फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतं आणि त्याचा कागदोपत्री कमाल वेग १५० एमबीपीएस. राउटरचं ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क त्याला दिसणारच नाही, फोन बहुधा त्यावरच असेल. ब्लूटूथही याच कार्डावर आहे, त्यामुळे ब्लूटूथ हेडफोन लावून व्हिडिओ कॉल केला तर दोघांची ओढाताण होते. आणि यूएसबी ३ ची बाहेरची हार्डडिस्क लॅपटॉपला लावलेली असेल तर ती काढून एकदा तपासा. त्या पोर्टमधून निघणारा रेडिओ गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो. इंटेलने २०१२ मध्ये त्यावर सविस्तर लिहिलं होतं.

दोन्ही किमती देऊनही रेंज एकाच काडीवर राहिली, तर वायर कार्डावरून निसटलेली असू शकते. दुरुस्तीवाल्याकडून मागचं झाकण उघडून तेवढं बघून घ्या. तेही ठीक असेल तर यूएसबीचं वायफाय अडॅप्टर घ्या, पण खोक्यावरचा वेग बघून नको, आतली चिप विचारून. मीडियाटेक एमटी७६१२यू चिपचा ड्रायव्हर लिनक्स कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच, आहे, लावलं की चालतं, आणि ५ गिगाहर्ट्झही मिळतं. ज्या अडॅप्टरसोबत ड्रायव्हरची सीडी येते आणि तिच्यावर फक्त विंडोजचं नाव असतं, ते दुकानातच ठेवा.