जोरच्या पुढे रस्ता नाही

वाचकांचे सायकलविषयक प्रश्न. उत्तरं देणारे बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले शाखा अभियंता असून साताऱ्यात राहतात.

काका, मी पुण्यात राहते, माहेर वाईचं. दिवाळीत आठ दिवस तिथे असेन, सायकल घेऊन जाणार आहे. सपाटीला पन्नास-साठ किलोमीटर सहज होतात. मागच्या वर्षी पसरणी घाट चढले. चढाचं काही वाटलं नाही, पण मागच्या हॉर्ननी जीव नकोसा झाला. डोंगरही हवा आणि शांतताही, असा रस्ता जवळपास आहे का? आणि असे रस्ते शोधायचे कसे? — एक वाचिका, पुणे

ताई, पसरणीच्या चढाचं तुम्हाला काही वाटणारच नाही. बाराएक किलोमीटरमध्ये पावणेसहाशे मीटर, म्हणजे शंभराला पाचच्या आत. जुने घाट बैलगाडीच्या हिशेबाने आखलेले असतात. वीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. त्याहून उभा चढ भरल्या गाडीच्या बैलांना झेपत नाही. म्हणून असा घाट सायकलला सोयीचा. पण बैलाला जे सोयीचं ते मोटारीलाही सोयीचं, त्यामुळे पाचगणी-महाबळेश्वरची सगळी जत्रा त्याच रस्त्यावर. दिवाळीत तर त्याचं नावच काढू नका.

नोकरीत असताना वाहतूक गणनेच्या तंबूत मी पुष्कळ रात्री काढल्यात. सलग सात दिवस, चोवीस तास, पाळीपाळीने. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. आमच्या कोष्टकात सायकल म्हणजे अर्धी मोटार, ट्रक म्हणजे तीन, ट्रॅक्टर-ट्रॉली साडेचार आणि मोठी बैलगाडी चक्क आठ मोटारींएवढी. (चाळीस वर्षं सायकल चालवूनही मी सरकारदरबारी अर्धाच, असं आमची मंडळी म्हणते.) त्या तंबूत एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. रस्ता चांगला आहे म्हणून त्यावर गाड्या येत नाहीत, त्याच्या पुढच्या टोकाला काहीतरी आहे म्हणून येतात. तेव्हा नकाशा उलटा वाचायचा. आधी रस्त्याचं टोक बघायचं, मग रस्ता.

तुमच्या माहेरात असा रस्ता घराच्या मागेच आहे. वाईहून पश्चिमेला धोम धरणाकडे चला आणि पाण्याच्या कडेकडेने वर सरका. एका बाजूला कमळगड सोबतीला असतो. पुढे बलकवडीचं धरण, आणि शेवटी जोर हे गाव. जोरच्या डोक्यावर महाबळेश्वर आहे, पण मध्ये कडा उभा. पायवाटेने माणूस चढून जातो, मोटार जात नाही. त्यामुळे महाबळेश्वरला निघालेला एकही माणूस त्या खोऱ्यात फिरकत नाही. उरतात दुधाची गाडी, एसटी, वडापच्या जीपा आणि तिथलीच चार माणसं. जाऊन-येऊन तुमच्या पन्नास-साठात बसेल.

पुणेकरांना गोल फेरी लागते, आल्या वाटेने परतायचं म्हणजे अर्धी फेरी वाया गेली असं त्यांना वाटतं, हे मला ठाऊक आहे. तो हट्ट सोडा. गोल करायला निघालात की कुठेतरी दोन गावं जोडणारा रस्ता पकडावाच लागतो, आणि जोडणारा रस्ता म्हटला की रहदारी आलीच. शिवाय सकाळी जाताना कमळगडाच्या ज्या कुशीत धुकं होतं, तिथेच परतताना लख्ख ऊन असतं.

आता वेळ. खोऱ्यातली रहदारी घड्याळाला बांधलेली असते. उजाडताना दुधाची गाडी आणि मुक्कामी एसटी खाली उतरतात, त्यानंतर शाळा-कचेरीची वर्दळ. तुम्ही फटफटताना निघालात तर हे सगळं समोरून येईल, मागून नाही. समोरचं दिसतं, त्याची भीती कमी. माहेरी आठवडी बाजार कधी भरतो ते विचारून घ्या आणि तो दिवस सोडा. दिवाळीच्या सुमाराला कारखान्यांची धुराडी पेटायला लागतात. मग दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर, वर मोठ्याने लावलेली गाणी; ड्रायव्हरला मागचं काही ऐकू येत नाही. वाईच्या खाली, सपाटीच्या बागायती पट्ट्यात तेव्हापासून मार्चपर्यंत हे चालतं. वरच्या भाताच्या खोऱ्यात हा त्रास नाही. तिथे दुसरी गंमत. मळणीसाठी पेंढ्या रस्त्यावर पसरलेल्या असतात. त्यावरून सायकल घालू नका. एक म्हणजे ते कुणाचं तरी पीक आहे, आणि दुसरं म्हणजे पेंढा मागच्या गिअरच्या चाकीत असा गुंततो की अर्धा तास बोटं काळी करत बसावं लागतं.

मी स्वतः शहाणपणा दाखवून फसलेलो आहे. भोरहून मांढरदेवीवरून वाईला उतरायचं, रविवार नको म्हणून मुद्दाम मंगळवार निवडला. वार कुणाचा, हे विसरलो. देवीचा! काळुबाईला निघालेल्या जीपा, टपावरही माणसं, वळणावळणावर ओकाऱ्या काढायला थांबलेल्या. अख्खा घाट मी साइडपट्टीवरून चढलो. तेव्हापासून कॅलेंडरात आधी वार, तिथी, अमावस्या-पौर्णिमा आणि मगच हवामान बघतो. पौषात तर तिकडे जाऊच नये. आणि रंगपंचमीला वाईत असाल तर सायकल घरी ठेवा, चालत बावधनला जाऊन बगाड बघा.

पाणी दोन बाटल्या. जोरला हॉटेल मिळेल या भरवशावर निघू नका, दशम्या बांधून घ्या. माहेर कशासाठी असतं!

सर, मोबाइलच्या नकाशाने पाटणच्या बाजूला एक छान बारीक रस्ता दाखवला. पाच किलोमीटरनंतर डांबर संपलं, मग खडी, मग ओढा. सायकल खांद्यावर घेऊन परत आलो. फसवणारी रेघ आधीच कशी ओळखायची? — एक विद्यार्थी, कऱ्हाड

मित्रा, नकाशावरची रेघ सगळीकडे सारखीच दिसते, दगड मात्र वेगळे असतात. किलोमीटरच्या दगडाचा माथा पिवळा म्हणजे राष्ट्रीय महामार्ग, हिरवा म्हणजे राज्य मार्ग, काळा किंवा निळा म्हणजे जिल्ह्याचा, नारिंगी म्हणजे ग्रामसडक योजनेतला. ही योजना 2000 सालची. नारिंगी दगड दिसला की मी खूश होतो. पावणेचार मीटरच्या आसपास रुंदी, वस्तीपर्यंत डांबर, आणि बहुतेक वेळा पुढे काही नाही.

घरी बसून ओळखायचं असेल तर उपग्रहाच्या चित्रात ओढ्यापाशी जा. तिथे मोरी किंवा पूल दिसला तर रस्ता खरा. दिसला नाही तर पावसाळ्यानंतर तिथे काय असेल ते तू बघून आलाच आहेस. दुसरी खूण एसटीची. आगारात जाऊन विचार, त्या गावाला गाडी जाते का. एसटी जाते म्हणजे पूल आहे आणि वळणंही सायकलला पुरेशी मोठी आहेत.

चढासाठी सर्वेक्षण खात्याचे पन्नास हजारी नकाशे घे, त्यात दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. उंचीच्या रेषा वीस-वीस मीटरवर असतात. दोन सेंटिमीटरमध्ये रस्त्याने तीन रेषा ओलांडल्या तर शंभराला सहा, मजेत चढशील. पाच ओलांडल्या तर शंभराला दहा, तिथे जीभ बाहेर येते. पायवाटेवरच डांबर टाकलेले वस्त्यांचे रस्ते या दुसऱ्या जातीचे. ते आखायला बैलांचा सल्ला कुणी घेतलेला नसतो.

वय एकसष्ट. पन्हाळ्याच्या चढाला गुडघा दुखतो. सायकल विकावी का? — एक वाचक, कोल्हापूर

साहेब, विकू नका, मागची चकती बदला. पुढची लहान चकती चौतीस दात्यांची असेल तर मागे बत्तीस किंवा चौतीस दात्यांची बसते का, ते दुकानात विचारा. मग पायडलच्या एका फेरीला चाकही साधारण एकच फेरी घेईल. वेग माणूस चालतो तेवढाच, पण गुडघ्यावरचा भार उतरतो. खोगीर खाली असेल तर तेही दुखण्याचं कारण असतं. दुखणं तरीही राहिलं तर मात्र डॉक्टरांना दाखवा, मला पत्र लिहू नका.

आणि उतरून चालायला लाजू नका. यवतेश्वरच्या चढाला मी अजूनही दोनदा उतरतो. एकदा दमतो म्हणून, एकदा खाली सातारा बघायला.

उतारावर ब्रेक सतत धरून ठेवू नका, दाबा-सोडा करत या. गावाच्या तोंडाशी पट्टे न मारलेला गतिरोधक असणार, असं धरूनच चाला.

वाडीवरची कुत्री पाठलाग करतात. उपाय? — एक वाचिका, मेढा

पळवायला जाऊ नका, चढावर तुम्ही हरणारच. उतरा, सायकल दोघांच्या मध्ये धरा आणि चालू लागा. माणूस चालताना दिसला की बहुतेकांचा उत्साह संपतो. आमच्या वाटेवरचा एक लाल कुत्रा मात्र तरीही वेशीपर्यंत भुंकत सोबत येतो. त्याच्यासाठी मी खिशात बिस्किट ठेवतो.